माझा चीक माडाला

बाळंतिणीने मोठ्याने बोलू नये, वाऱ्यावर जाऊ नये, खिडकीशी तर मुळीच उभं राहू नये. पहिल्या बाळंतपणात मी हे तिन्ही एकाच सकाळी केलं, आणि इतक्या वर्षांनीही छातीवर हात ठेवून सांगते, बरं झालं केलं!

सन पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. नवरा मुंबईला नोकरीला, आणि मी पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी रत्नागिरीला आलेली. आमचं घर मांडवीकडे उतरणाऱ्या वाटेवर होतं. चिऱ्याच्या भिंती, मागे थोडे माड, एक फणस आणि गोठा. वडील कोर्टात कारकून. आई इतकी शांत की तिच्या मनात काय आहे ते ती पानात काय वाढते त्यावरून ओळखावं लागे. आणि या सगळ्यांवर राज्य आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून ती भावाकडेच असे. अंगाने काडी, आवाजाने नगारा! घरात ती कोणाचं म्हणून ऐकत नसे. ऐकायची ते फक्त तांबडीचं, म्हणजे आमच्या गाईचं. तांबडी हंबरली की आत्या हातातला घास टाकून उठायची.

मला मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मुठी आवळून आलेली, जणू कोणाशी तरी भांडायलाच आलीय. मला इतका आनंद झाला की मी हसायला लागले, आणि सुईण म्हणाली, "पोरगी झाली नि हसतेस काय गो?" मी म्हटलं, "मग काय रडू?"

ही सुईण म्हणजे साऱ्या आळीची आधार. तिचा हात सोन्याचा होता, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण रीत म्हणजे रीत. पहिले तीन दिवस आईने बाळाला अंगावर घ्यायचं नाही. दूध उतरायच्या आधी जो पिवळा, दाट चीक येतो, तो म्हणे बाळाला जड. पोट फुगतं. म्हणून तो वाटीत पिळून माडाच्या मुळाशी ओतायचा आणि बाळाला कापसाच्या बोळ्याने मध नि गुळाचं पाणी चोखवायचं. आईचं असंच झालं, आईच्या आईचं असंच झालं. का ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी पोरगी टिपेला रडली. आवाज माझ्यावर गेलाय म्हणून मी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो आवाज बसला. ती नुसती कुईकुई करायची, ओठ चाटायची आणि झोपी जायची. इकडे माझी छाती दगड झालेली, चोळी भिजून चिंब, आणि हातभर अंतरावर माझी पोर ओला कापूस चोखतेय. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

"आई, पाजू दे ना गो मला," मी म्हटलं.

आई शेगडीत ओवा टाकत होती. "आता थोडक्यासाठी कशाला रीत मोडायची?" ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सुईण म्हणाली, "बाय, रडली तर रडू दे. पोट फुगलं तर कोण बघनार?"

आणि देवाची वेळ साधायची तऱ्हा बघा! नेमकी त्याच सकाळी तांबडी व्याली.

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी गोठ्याकडे होती. बघता बघता मागचं अंगण आळीतल्या बायकांनी भरलं. कोणाच्या हातात तांब्या, कोणाच्या हातात कडीचा डबा. गाय व्याली की तिच्या चिकात गूळ-वेलदोडा घालून खरवस उकडायचा, आणि शेजारीपाजारी वाटायचा. त्या वडीसाठी माणसं जुनी भांडणं विसरून दारात येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गोठ्याच्या तोंडाशी आत्या उभी होती, पदर खोचून, हातात काठी घेऊन.

"आचळाला हात लावाल तर याद राखा! आधी वासरू. त्याचं पोट भरेल, ते चार पायांवर उभं राहील, मग उरला तर तुमचा खरवस."

"अहो, जरासा तरी," कोणीतरी म्हणालं.

"जरासा नाही नि बिरासा नाही! पहिला चीक वासराचा. तो पोटात गेला नाही तर वासरू धड उभं राहत नाही, एवढंसुद्धा कळत नाही? शिंच्या खरवसाला हपापलेल्या!"

वासरू अशक्त होतं. मान टाकून पडलेलं. आत्या त्याच्याशेजारी शेणातच बसली, बोटं चिकात बुडवून त्याच्या तोंडात घालायला लागली. "चाट रे सोन्या, चाट. आईचं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही." पुन्हा बोट, पुन्हा तोंड. मग त्याची मान उचलून आचळाशी नेली. अंगणातल्या बायका श्वास रोखून बघत होत्या. वासराने एक हिसका दिला, धडपडत उठलं आणि लागलं की प्यायला! शेपटी अशी हलायला लागली की आत्याच्या तोंडावर शेण उडालं, तरी ती हसतच होती.

मी हे सगळं खाटेवरून गजांमधून बघत होते. आणि त्याच वेळी सुईण माझा चीक वाटीत पिळत होती. माडाखाली ओतायला.

मी वाटीकडे बघितलं. मी वासराकडे बघितलं. मग पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं. आणि माझं डोकंच फिरलं!

सुईणीचा हात बाजूला सारून मी उठले, शाल सावरत खिडकीशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले आणि ओरडले, "आत्या! तांबडीचा चीक तिच्या वासराला, आणि माझा चीक माडाला? मी काय तांबडीपेक्षा हलकी झाले?"

अंगणात कोणाच्या तरी डब्याचं झाकण खणकन पडलं. आई मागून ओढायला लागली, "अगो वारं लागेल, कानात वारं जाईल!" पण आता मी कसली ऐकते!

आत्या म्हणाली, "गाय ती गाय. बाईमाणसाची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? सांग ना! वासराला पचतो तो माझ्या पोरीला का पचत नाही? आणि माडाला बरा पचतो?"

एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पडवीतून वडिलांचा आवाज आला, "हळू गो, हळू." सोयर असल्यामुळे ते खोलीच्या उंबऱ्यालाही शिवत नव्हते. मग म्हणाले, "पण ताई, मुद्दा बिनतोड आहे हो."

बाळंतिणीच्या खोलीतल्या गोष्टीत बापाने तोंड घालायचं नसतं. त्यांनी घातलं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे नंतरचे सगळे उपदेश ऐकून घेतले.

आत्या पिणाऱ्या वासराकडे बघत राहिली, मग आपल्या ओल्या बोटांकडे, मग माझ्याकडे. "खिडकीतून बाजूला हो," एवढंच म्हणाली आणि विहिरीकडे गेली. आता माझी धडगत नाही, असं मला वाटलं. रहाट कुरकुरला, अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती खोलीत आली ती धुवट नेसून.

सुईणीला म्हणाली, "ती वाटी ठेव खाली."

"आत्याबाई, रीत मोडताय. उद्या पोरीचं काय झालं तर लोक माझ्या नावानं..."

"तुझ्या नावाने कोणी बोलणार नाही. मोडली ती मी मोडली, सांग सगळ्यांना." मग माझ्यापुढे बसली. "तुला पाजायचंय ना? नक्की?"

"हो! हो! कितीदा सांगू?"

पण पोरगी गुळाच्या पाण्याने सुस्तावलेली. अंगावर घेतली तर तोंड उघडेना. एकदा ओठ लागले नि सुटले. पुन्हा लावलं, पुन्हा सुटले. माझा मघाचा सगळा तोरा उतरला. इतकं भांडून मिळवलं आणि आता पोरच घेईना! डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुईण "मी म्हटलं नव्हतं?" अशा चेहऱ्याने बघत होती.

"रडतेस काय? वासरू तरी पहिल्या फटक्यात लागलं का?" आत्या म्हणाली. "पाठ टेकव. खांदे सैल सोड. बाळाकडे तू वाकू नको, बाळ तुझ्याकडे आण." तिने चिकाचा थेंब पोरीच्या ओठावर लावला. पोरीने जीभ बाहेर काढली. दुसरा थेंब. पोरीचं कपाळ आक्रसलं, जणू हे काय नि कुठलं याचा ती विचार करतेय. तिसऱ्या थेंबाला तिने आ केला, चांगला मोठा, आणि आत्याने तिला अलगद पुढे सरकवली.

काय ओढलं म्हणून सांगू! पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. मी किंचाळले, मग हसले, मग दोन्ही एकदम करायला लागले. पोरीच्या गळ्यातून गुटकगुटक आवाज येत होता आणि तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"लागली! लागली गो!" आत्या खिडकीशी धावली, वाऱ्याबिऱ्याचं भान कुणाला! "अगो, लागली!"

अंगणातून कोणी ओरडलं, "बघितलं की आम्ही वासरू!"

"वासरू नव्हे मेल्यांनो, पोर! आमची पोर लागली!"

बाहेर एकच गलका झाला. पडवीत वडिलांनी टाळी वाजवली आणि त्या दिवशी ते कोर्टात उशिरा गेले. आईने पेज आणून पुढ्यात ठेवली, वर तुपाची अशी धार की पेज दिसेना, तेव्हा मला कळलं तिच्या मनात काय होतं ते. संध्याकाळी खरवस झाला तो जेमतेम, आणि त्याची पहिली वडी आत्याने सुईणीच्या हातावर ठेवली. सुईण फुगलेली होती, पण खरवस खाताना किती वेळ फुगून राहणार?

त्यानंतर आत्याने जो कारभार हातात घेतला, विचारू नका. आधी बाळंतीण जेवणार, मग घरातले पुरुष. पोर अंगावर असताना कोणी भेटायला आलं तर दारातूनच परत. "दूध कमी दिसतंय हो" असं एक मावशी सहज म्हणाली, तर आत्याने तिला चहासुद्धा दिला नाही! रोज पोरीचं पोट बोटाने दाबून बघायची आणि वडिलांना पडवीत ऐकू जाईल असं सांगायची, "मऊ आहे! लोण्यासारखं मऊ!"

माझा सव्वा महिना झाला न झाला तोच शेजारची सून बाळंत झाली. मुलगा. माझ्यापेक्षा लहान होती ती, घाटावरून लग्न होऊन आलेली, माहेर लांब म्हणून बाळंतपण सासरीच केलेलं. आत्याने माझी गुबगुबीत पोर उचलली. "चल गो, हिला दाखवायला न्यायची." मीही अशी उत्साहात निघाले जसं काही आम्ही गड जिंकायला चाललोय.

खाटेशेजारी ती वाटी होतीच. काकू, म्हणजे त्या सुनेची सासू, बाळाच्या तोंडात बोळा धरून बसल्या होत्या. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

आत्याने माझ्या पोरीला मिरवलं. "बघा वहिनी, चिकावर वाढलेली! पोट फुगलं का? फुगलंय, पण दुधाने!" मी खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. मग आत्या खाटेच्या कडेला टेकली आणि त्या मुलीला विचारलं, "तुला पाजायचंय का गो?"

मुलीने सासूकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि हळूच मान हलवली. हो.

काकू ताडकन म्हणाल्या, "माझ्या घरात येऊन माझ्या सुनेला शिकवू नका. तुम्हांला ना मूल ना बाळ, गाईचं बघून बायकांना शहाणपण सांगता! तुम्ही कधी पाजलंयत कोणाला?"

मी असं काही बोलणार होते की दोन्ही घरांचं जाणंयेणं कायमचं बंद झालं असतं. आत्याने माझं मनगट धरलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज इतका हळू ऐकला.

"नाही पाजलं. मुलगा होता मला. देवरूखला, सासरी. मी याच पोरीच्या वयाची असेन. चीक मलाही आला होता, खूप आला होता. सासूबाईंनी पिळून ओतला. पाजू का, असं मी विचारलंसुद्धा नाही, वहिनी. माझ्या या भाचीसारखं ओरडता मला कुठे येत होतं? दूध उतरलं त्या सकाळी तो नव्हता."

मला हे माहीत नव्हतं. आळीत कोणालाच माहीत नव्हतं.

"चिकाने जगला असता की नाही, देव जाणे," आत्या म्हणाली. "पण माझ्या कुशीत असून उपाशी गेला. तेवढं तरी झालं नसतं."

काकूंनी बाळाच्या तोंडातला बोळा काढला. बाळाला उचललं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि मग सुनेच्या मांडीवर दिलं.