तिसरी रांग, पाचवा कप्पा

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता सोलापूरच्या दवाखान्यात माझे पती वारले. त्याआधी आठ दिवस ते तिथे होते.

त्या आठ दिवसांत ते एकच वाक्य बोलले. "तिसरी रांग, पाचवा कप्पा." मी विचारायची, कुठे जायचंय का तुम्हाला? ते थोडे थांबत आणि पुन्हा तेच म्हणत. नोकरीभर हे रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर होते. सोलापूरहून वाडीकडे धावणाऱ्या गाडीत उभे राहून पत्ते वाचायचे आणि पत्रे कप्प्यांत टाकायची, हे त्यांचे काम. एक कप्पा म्हणजे एक गाव. म्हणून मला वाटले, हे एखाद्या गावाचे नाव सांगत आहेत. ते गाव कोणते, हे मला कळले नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, तरी कळले नाही.

ह्यांच्या कागदांत एक जुने पोस्टकार्ड सापडले. ते चिंताकीच्या तुळशीरामांचे होते. तुळशीराम बिदरकडच्या औराद तालुक्यातले. डब्यात पिशव्या बांधायला आणि त्यांवर लाखेच्या मोहरा लावायला ह्यांच्या जोडीला असत. त्यांनी लिहिले होते की आपला डबा लिलावात गेला, चाके काढून बिदरच्या कोळारला एका गोदामाच्या आवारात ठेवला आहे, एकदा येऊन बघून जा. हे म्हणाले होते, जाऊ कधीतरी. कार्डावर मागाहून लिहिलेला फोन नंबर होता. तो लावला तर सुनेने उचलला. हे गेल्याचे तिला सांगितले. "मामांना फोनवर काईच ऐकू येत न्हाई. तुमीच या. आदी कोळारचा डबा बघा, मग हिकडं या," ती म्हणाली. डिसेंबर सरता सरता मी निघाले.

सोलापूरहून कलबुर्गीला जाणाऱ्या गाडीत निम्मा डबा गाणगापूरचा होता. शेजारच्या बाईंनी विचारले, दत्ताला का? मी म्हणाले, नाही, टपालाचा जुना डबा बघायला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि पिशवीतले केळे काढून माझ्या हातावर ठेवले. बहुधा मला बरे नाही असे त्यांना वाटले असावे. गाणगापूर रोडला त्या उतरल्या. त्यांच्याबरोबर सगळा गलका उतरला, आणि मी आणि केळे असे पुढे गेलो.

कलबुर्गीला एका लहानशा लॉजवर उतरले. खानावळीत जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णगाई (तेलातली भरली वांगी) मिळाली. वाढणारा पुन्हा पुन्हा येऊन पाहायचा. एकट्या बाईचे ताट रिकामे राहू नये अशी त्याची काळजी दिसली. सकाळी स्टेशनाबाहेर सुसला (चुरमुऱ्यांचा उपमा) खाल्ला. हे बाहेरगावचे जेवण कसे होते ते कधी सांगत नसत. मीही विचारले नव्हते.

बिदरच्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्हीकडे तूर काढणीला आली होती. मध्ये एक लांब बोगदा लागतो. त्यात शिरताना काचेत माझाच चेहरा दिसला. हुमनाबाद मागे पडल्यावर काळी माती हळूहळू तांबडी होत गेली.

कोळार हा बिदरच्या कडेचा कारखान्यांचा आणि गोदामांचा भाग. रिक्षावाल्याने तीन फाटके दाखवली, चौथे निघाले. राखणीला एक म्हातारे अप्पा होते. मी कशासाठी आले ते ऐकून ते म्हणाले, "पितळ सगळं लोक काडून नेलेत अक्का. आता लाकूड बघायला आलात व्हय?" मी सांगितले की माझे पती यात काम करायचे. त्यावर ते किल्ली आणायला गेले.

डबा दगडी चौथऱ्यावर होता. चाकांशिवाय तो ठेंगणा दिसत होता. सांगाडा सागवानी, बाहेरून उभ्या फळ्या. छपराच्या कमानीवर फळ्यांचा थर आणि त्यावर रंग पाजलेले जाड कॅनव्हास. ते आता सालीसारखे सुटले आहे. खिडक्या छताजवळ, हात पोचणार नाही इतक्या उंच. कुणी बाहेरून आत हात घालू नये, आणि उजेड मात्र नेमका टेबलावर पडावा, म्हणून तशी रचना. बाहेरच्या अंगाला एक आडवी फट आहे. गाडी थांबली की उशिरा आलेला माणूस तिच्यातून पत्र आत टाकी. फटीवरचे झाकण गेले आहे.

"आत एसी न्हाई," अप्पा म्हणाले आणि सरकते दार खांद्याने ढकलले.

आधी सामानाची खोली. पिशव्यांना ओल लागू नये म्हणून तळाला लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. आता त्यांवर सिमेंटची पोती आहेत. पलीकडे टपालाची खोली. एका भिंतीला लोखंडी दांडी आणि तिला आकडे. पिशव्या तोंडे उघडी ठेवून त्यांना अडकवत. समोरच्या भिंतीला टेबल, आणि टेबलावर छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत कप्पेच कप्पे. मी एका कप्प्यात हात घातला. तळ मागच्या बाजूला उतरता होता. गाडीने धक्का दिला तरी पत्र पुढे घसरू नये यासाठी सुताराने प्रत्येक कप्प्याला तो उतार दिला होता. इतक्या वर्षांत ह्यांनी मला हे सांगितले नव्हते.

वरून तिसरी रांग. डावीकडून पाचवा.

बाकीच्या कप्प्यांखाली नावाच्या चिठ्ठीसाठी पत्र्याची चौकट होती, काहींत अक्षरांच्या खुणाही होत्या. या कप्प्याखाली चौकट नव्हती, खिळ्यांची भोकेही नव्हती. आत तळाला घोंगडीचा तुकडा खळीने चिकटवलेला होता. अप्पा म्हणाले, उंदराचं काम आसंल. उजवीकडून मोजले, खालून मोजले. तिथे चौकटी होत्या, नावे नव्हती. मी टेबलाजवळ बराच वेळ उभी होते. टेबलाची कड एका जागी झिजून गोल झाली होती. ती माझ्या कमरेपेक्षा थोडी वर येत होती. हे माझ्याहून उंच होते.

चिंताकीला जाताना घोटाळा झाला. बिदरच्या स्टँडवर पाट्या कन्नडमध्ये. मी औराद औराद विचारत एका गाडीत बसले. ती निघाली औराद शहाजनीला, म्हणजे परत महाराष्ट्राच्या बाजूला. तिकीट काढताना कंडक्टरच्या लक्षात आले. "दोन औराद हायत आज्जी, तुमाला कोन्तं?" त्याने मला एका फाट्यावर उतरवले आणि परतीची गाडी हात करून थांबवून दिली. गाडीतले लोक हसले. आयुष्यभर पत्ते वाचणाऱ्या माणसाची मी बायको.

चिंताकीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. तुळशीराम ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. आम्ही एकदाच भेटलो होतो, ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. तरी त्यांनी ओळखले. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली नातीची पुस्तके. सुनेने पाणी दिले, भाकरी टाकायला घेतली. तुळशीराम ह्यांच्याविषयी खूप बोलले. हे एकही पत्र उलटे पडू देत नसत. ज्या पत्त्यावर नुसते मामा आणि गावाचे नाव असायचे, तेही पत्र पोचवायचा मार्ग काढत. एकदा पावलीएवढा नवा शिक्का लाखेवर उठेना तेव्हा ह्यांनी तुळशीरामांना सगळ्या डब्यापुढे 'शिक्का न उठणारे पोस्टमास्तर' म्हणून चिडवले होते. ते सांगताना तुळशीराम पुन्हा चिडले.

माझे बोलणे त्यांना ऐकू येत नव्हते. मी वही काढली आणि लिहिले: शेवटचे आठ दिवस हे एकच म्हणत होते. तिसरी रांग, पाचवा कप्पा. ते कोणते गाव?

त्यांनी वही हातभर लांब धरली, पत्ता वाचावा तशी. आणि ते हसले.

"गाव कुटलं वो वहिनी. चष्मा मागायलेत की."

वळणावर डबा हलला की ह्यांचा चष्मा घसरे. हातातले पत्ते बिनचष्म्याचेही वाचता येत, मग तो काढून त्या कप्प्यात ठेवत. काच घासू नये म्हणून तुळशीरामांनीच घरच्या घोंगडीचा तुकडा आणून आत चिकटवला होता. त्या कप्प्याला गाव दिलेच नव्हते. दोन्ही हातांत पत्रे असत, म्हणून लांबचे बघायला चष्मा लागला की हे न वळता तेवढीच हाक देत: तिसरी रांग, पाचवा कप्पा. तुळशीराम तो काढून ह्यांच्या नाकावर बसवत.

"मग दिलात का न्हाई?" त्यांनी विचारले. ते अजून हसत होते.

भरती केले त्या दिवशी नर्सने चष्मा काढून माझ्याकडे दिला, जपून ठेवा म्हणाली. मी तो पर्समध्ये ठेवला. पर्स आठही दिवस पलंगाच्या पायाशी होती.

मी वहीत लिहिले: नाही दिला. मला कळले नाही.

ते वाचल्यावर त्यांचे हसणे थांबले. वही त्यांनी लगेच परत केली नाही. शेंगांचे सूप बाजूला सरकवले.

"बिनचष्म्याचं त्यांना माणूस वळखू यायचं न्हाई," ते सावकाश म्हणाले. "पर आवाज वळखायचे. स्टेशन आलं की हमालाच्या आवाजावर सांगायचे कोन्तं हाय. बोलत हुता न्हवं तुमी त्यांच्यासंगं?"

आमच्या घरात बोलणे कमीच. हे एक दिवसाआड गाडीवर, घरी असले की झोपेत. मी शाळेत शिकवायला किंवा पुस्तकात. ती सवय निवृत्तीनंतरही राहिली. दवाखान्यातही मी बहुतेक वेळ उशाशी वाचत बसले होते, मनातल्या मनात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

तुळशीराम माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली, होय म्हणून.

"मग झालं," ते म्हणाले, आणि सुनेला ताट वाढायला सांगितले. भाकरीबरोबर शेंगांची चटणी होती आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचे वरण. मी जेवले. निघताना त्यांनी भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी दिली आणि फाट्यापर्यंत सोबत आले. बस आली तेव्हा पाटी त्यांनी वाचली, कंडक्टरला कन्नडमध्ये काही सांगितले, आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले. ती हलवलेली मान खोटी होती, हे मला वहीत लिहून त्यांना दाखवता आले असते. वही हातातच होती.

परतीच्या गाडीत शेजारी कुणी नव्हते. मी ज्या गावासाठी निघाले होते ते नव्हतेच. ह्यांना कुठे जायचे नव्हते. दवाखान्याच्या त्या खोलीतच, पलंगाशेजारी कोण बसले आहे एवढे बघायचे होते.

सोलापूरला घर उघडले. घरात आता मी एकटी आहे. वाचायचे ते मोठ्याने वाचते.