मोहाची परवानगी

तळोद्याहून डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये ते दर सोमवारी माझ्या शेजारी बसत. वनस्पतिशास्त्रज्ञ होते, पाड्यांवरच्या लोकांबरोबर जंगल राखायचं काम करत. मांडीवर जुन्या वर्तमानपत्रांची चळत, त्यात दाबलेली पानं. झाडांची इतकी नावं सांगायचे की त्यांचं स्वतःचं विचारायचं राहूनच गेलं.

एकदा घाटात जीप पंक्चर झाली. हे उतरले आणि रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटू लागले. थांबले, पुन्हा तेच पुटपुटले.

टायर बदलता बदलता ड्रायव्हरने विचारलं, "काय सर, झाड काय म्हनी ऱ्हायनं?"

"अजून हो म्हणालं नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

मग मला समजावलं. पान तोडण्याआधी झाडाला विचारायचं, ही पाड्यावरची रीत. वर्षभर ते शुद्ध मराठीत विचारत होते. शेवटी एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. "सर, झाडाला मराठी येत नाही. त्याला वाटतं, ऑफिसचा माणूस आला. घाबरून गप्प बसतं ते."

म्हणून हे आता पावरी, पाड्यांवरची बोली, शिकत होते. उच्चार चुकला की झाडाला पुन्हा विचारत.

सगळी जीप हसली. मीही हसलो. ते पान न घेताच येऊन बसले.

मी वरच्या आश्रमशाळेत अकरा वर्षं मराठी शिकवतोय. त्या दिवशी धडा संपवून विचारलं, "समजलं का?" चाळीस पोरं नेहमीसारखी गप्प. मग म्हटलं, "बरं, पावरीत हे कसं विचारतात, ते तरी सांगा."

तेही मी मराठीतच विचारलं.