सुटता न सुटणारी पिशवी

रक्तपेढीत सगळे तिला अक्का म्हणायचे, आणि अक्काच्या वाटेला कुणी जायचं नाही. पेढीच्या सगळ्या साठ्याची नोंद कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या सर्व्हरवर, जुन्या डेटाबेसमध्ये. काउंटरवर अजून हिरव्या अक्षरांचा पडदा. साहेब म्हणाले, भंगारात काढू. अक्का म्हणाली, काढून तर बघा! कुणालाही फुकट मिळणारं, आत उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर तिनं त्याच मशीनवर बसवलं. एकटीनं, पुस्तकं चाळत, शिव्या घालत. जुन्या डेटाला धक्का नाही आणि रुग्णालयांना घरबसल्या वेबपानावर साठा दिसायला लागला. तेव्हापासून तिची मान जी ताठ झाली ती झालीच.

आज काउंटरवरून मामा ओरडले, "अक्के, पिशवी निघेना गं! नोंद दुसरीकडे वापरात आहे म्हणतंय."

"पुन्हा दाबा की. बोटं थरथरतात तुमची."

"बोटं माझी, पण पिशवी त्या बाईची. ऑपरेशन टेबलावर आहे ती. नवरा हा काय, समोर उभाय."

ओ निगेटिव्हची तेवढी एकच पिशवी होती. आणि मशीनची चिठ्ठी निघाल्याशिवाय पेढीतून थेंबही हलत नाही. चुकीचं रक्त चढलं की माणूस जातो.

अक्का आपल्या पडद्याकडे वळली. मघाशी साहेबांपुढे मिरवायला तिनं याच पिशवीचं पान दुरुस्तीसाठी उघडलं होतं. पानानं नोंद धरली ती धरलीच. तिनं ब्राउझर बंद केला. वेबसेवाच बंद करून पुन्हा चालू केली.

"नाही गं!" मामा काउंटरवरून ओरडले.

मग तिला उमगलं. पान झटकन उघडावं म्हणून डेटाबेसशी जोडण्या कायम उघड्या ठेवायची अक्कल तिचीच. वेबसेवा मेली तरी जोडणी आत जिवंत, नोंदीला मिठी मारून. आणि ती तोडायचा अधिकार साहेबांकडे.

ती केबिनमध्ये धावली.

"यातली कुठली तोडू?" साहेब पडद्याकडे बघत म्हणाले. "तू तर सगळ्या एकाच नावानं चालवल्यास."

"सगळ्या तोडा."

"पान सगळीकडे बंद पडेल. आणि मी परत चालू करू देणार नाही, अक्का. आधीच सांगतो."

"तोडा म्हणते ना! बाई मरतेय तिकडे!"

काउंटरवरचा प्रिंटर करकरला, चिठ्ठी निघाली. नवरा पिशवी ठेवलेली बर्फाची पेटी छातीशी धरून पळत सुटला. वेळेत पोचला का, कुणी सांगायला आलं नाही.

फोन मात्र खणखणायला लागले. मामांच्या शेजारी हिरव्या पडद्यापुढे बसून अक्कानं एक उचलला.

"हो, पान बंद आहे. साठा तोंडी सांगते, विचारा." ती थांबली. "ओ निगेटिव्ह? नाही हो. आत्ताच गेली."