खरं वय, खरं वजन

वसुधाताईंनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं. तेही आल्प्सच्या पायथ्याशी स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात, जर्मनीतल्या बॉबलिंगेनहून आलेल्या समस्त मराठी मंडळींसमोर. मी अर्थातच थोडं कमी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आल्झो," त्या जर्मन ढंगात म्हणाल्या, "तर मग, खरं सांग. इथे लग्न जुळवायचं नाहीये." अख्खी रांग हसली. मला त्यांचा भयंकर राग आला.

त्या फिजिओथेरपिस्ट. मूळच्या सोलापूरच्या, शिकायला आल्या आणि डीटरकाकांशी लग्न करून इथल्याच झाल्या. (ताईंचा नवरा काका कसा, हा प्रश्न आमच्यात कुणालाच पडला नाही.) दर हिवाळ्यात आम्हां नवख्यांना बर्फावर न्यायचं कंत्राट त्यांनी आपणहून घेतलेलं, आणि सगळा जीव त्या बाइंडिंगवर. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. माणूस पडला की ती सुटली पाहिजे, नाहीतर पाय स्कीबरोबर पिरगळतो आणि गुडघा जातो. नवशिक्याची ती सैल ठेवतात. वेगात वळणं घेणाऱ्याची घट्ट, कारण त्याची स्की मध्येच निघाली तर तोही मेलाच. म्हणून दुकानदार वय विचारतो, वजन विचारतो आणि तुम्ही कसं स्की करता तेही विचारतो, आणि त्यावरून पकडीचा आकडा लावतो.

आमची माणसं नेमकं इथेच शेण खायची. माझा नवरा निखिल त्याआधी एकदाच बर्फावर गेलेला, पण दुकानदाराला छातीठोकपणे 'स्पोर्टी' सांगून मोकळा झाला, कारण मागे ऑफिसातले दोघं उभे होते.

"स्पोर्टी?" ताई म्हणाल्या. "अरे, गेल्या वर्षी अख्खा उतार बसून उतरलास ना? बाइंडिंगला तुझं डेझिग्नेशन कळत नाही रे बाबा."

निखिलची पकड नवशिक्याची ठेवली गेली. तो सकाळभर फुगून होता. दिवसभर धपाधप आपटला, दर वेळी स्की सुटली आणि रात्री जेवायला आपल्या पायांनी चालत आला.

डीटरकाकांची गोष्ट वेगळी. ते लहानपणापासून बर्फावर वाढलेले, सत्तरीतही बघत राहावं असं स्की करायचे. पण वय वाढलं की पकड सैल करावी लागते, आणि त्यांना तर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणजे साधी दुखापतही महागात पडायची. त्या वर्षी ताईंनी ती दुकानात सैल करून घेतली. दुसऱ्याच सकाळी एका जोरकस वळणावर काकांची स्की निघाली आणि ते आम्हां सगळ्यांसमोर तोंडावर पडले. उठले, बर्फ झटकला आणि ताईंकडे न बघता निघून गेले.

दुपारी मी आमच्या लॉजच्या तळघरात मोजे घ्यायला गेले. तिथेच सगळ्यांच्या स्की ठेवलेल्या असायच्या. ताई काकांच्या स्कीसमोर उभ्या होत्या. काकांनी स्वतःच स्क्रू पिळून पकड पूर्वीच्या आकड्यावर नेऊन ठेवली होती, आणि उद्या ते सगळ्यात अवघड उतारावर जाणार होते. ताईंचा चेहरा उतरला होता. त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"तुम्हीच सैल करून टाका ना," मी म्हटलं. "त्यांना कुठे कळणारे?"

"पेशंटचा पायसुद्धा मी विचारल्याशिवाय हातात घेत नाही. आणि ह्याला फसवू?"

तेवढ्यात काका दारात आले. ताईंनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला आणि जर्मनमध्ये, अगदी हळू म्हणाल्या, "हा आकडा ज्याचा होता ना, तो तरुण डीटर मलाही फार आवडायचा. पण मला घरी तुला न्यायचंय."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण दारात काकाच उभे. काकांनी हातमोजे काढले. मग बाकावर बसले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्की मांडीवर ओढली.

"आकडे फार बारीक आहेत, वसू," ते म्हणाले. "तू वाच. मी फिरवतो."