रादिमच्या लग्नाची तारीख

जेडलोवात लग्नं एप्रिलमध्येच व्हायची, आणि त्यात मुहूर्ताचा काही संबंध नव्हता. बर्फावरच्या हॉकीची बाद फेरी मार्चात सुरू होते, आमचा संघ मार्चातच बाद होतो, आणि एप्रिलमध्ये सगळं गाव मोकळं. छपरं दुरुस्त करणं, दाढा उपटून घेणं, लग्नं लावणं, सगळं एप्रिलवर ढकललेलं. हरण्याची सवय इतकी अंगवळणी पडली होती की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतच नसे.

रादिम शुस्टरला तर अजिबात नाही. बापाच्या जुन्या स्केट्समध्ये वर्तमानपत्रं कोंबून तो गावच्या गोठलेल्या तळ्यावर खेळायला शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत संघात आला. फॉरवर्ड खरा, पण तिसऱ्या फळीतला. म्हणजे पहिल्या फळीने गोल करायचे आणि फोटोला उभं राहायचं. तिसरीने कोपऱ्यात घुसायचं, कठड्यावर चिरडून घ्यायचं, चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती उकरून काढायची आणि दुसऱ्याच्या हवाली करायची. समोरच्या गोलकीपरच्या नाकापुढे ठाण मांडून पाठीत काठ्या खाणं ही याची खासियत. एका हिवाळ्यात मोठ्या शहरातल्या संघाने त्याला नेला, बाकावर बसवला आणि बर्फ वितळल्यावर परत धाडला. दुसरा कोणी खचला असता. हा बाबा खुशीत परतला. म्हणाला, बाक मऊ होता, पण सूपला चव नव्हती. पुढचे दात गेले, गुडघा शिवून झाला, तरी बर्फावर पाय ठेवला की गडी पोरासारखा हसायचा. असा आनंदी माणूस आमच्या अख्ख्या डोंगरपट्टीत शोधून सापडला नसता.

त्याची ब्लांका लोकांना गाडी चालवायला शिकवायची. निम्मा संघ तिच्याच हाताखालून गेलेला, त्यामुळे मैदानावर कोणाच्या बापाला न भिणारे गडी तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहत. दोघांचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा पुढे गेलं. एकदा गुडघ्यापायी, एकदा सराव शिबिरापायी. तिसऱ्यांदा तिने एप्रिलचा दुसरा शनिवार धरला आणि बजावलं, "ही तारीख हलली तर त्या काठीशीच लग्न लाव."

"कशाला हलतेय? एप्रिलपर्यंत कधी टिकलोय आम्ही?" रादिम म्हणाला. पस्तिशी आली होती. हा आपला शेवटचा हंगाम, हे त्याने सांगूनही टाकलं होतं.

आणि मेल्यांनी जिंकायलाच सुरुवात केली! पहिली फेरी जिंकली तेव्हा गाव नाचलं. दुसरी जिंकली तेव्हा गाव घाबरलं, एप्रिलच्या तारखा पुढे ढकलायला दातांच्या डॉक्टरचा फोन दिवसभर खणखणत राहिला. बाद फेरीत टिकून आहोत तोवर दाढी करायची नाही, असा खेळाडूंचा नेम असतो. आमच्या पोरांची दाढी आजवर खुंटांपलीकडे गेली नव्हती. यंदा एकेक जण जंगलातून पकडून आणल्यासारखा दिसायला लागला. होता होता अंतिम फेरीचा शेवटचा सामना येऊन ठेपला. आमच्याच मैदानावर, आणि नेमका एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाचला. आणि आमच्याकडे लग्न सकाळी लागलं तरी जेवणं न नाच रात्रीपर्यंत, नवऱ्याला जागचं हलता येत नाही.

आमच्या गोलकीपर व्होइटाने तर रादिमला सळो की पळो करून सोडलं. आपल्याच संघाच्या पराभवावर लग्न ठरवणारा फॉरवर्ड जगात दुसरा झाला नसेल, असं तो येताजाता ऐकवायचा. रादिम हसायचा, पण ते हसू काही खरं नव्हतं. जन्मभर ज्या सामन्याची वाट पाहिली तो एकीकडे, आणि दोनदा ताटकळलेली ब्लांका दुसरीकडे. शेवटी तो प्रशिक्षक हालुझा मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, मी खेळणार नाही, शब्द दिलाय. ब्लांकाला सांगितलं तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली.

लग्न झकास झालं. नगरभवनाच्या दारात दाढीवाल्यांनी काठ्यांची कमान धरली. खानावळीच्या उंबऱ्यावर आमच्या रीतीप्रमाणे बशी फोडली, नवराबायकोने मिळून तुकडे झाडले, मग एकाच चमच्याने सूप प्यायले. ते रादिमच्या दाढीतून ओघळलं तशा त्याच्या सासूबाई कुरकुरल्या, "लग्नाच्या दिवशी तरी ही झाडी काढायची." ब्लांकाने त्या दाढीकडे एकवार पाहिलं. मलईच्या रश्शातले क्नेडलीक, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आले, ते रादिमने खाल्ले. संघाची पोरं एकेक करून निसटली. त्यानंतर त्याने घड्याळाकडे किती वेळा पाहिलं ते सगळ्या वऱ्हाडाने पाहिलं.

आणि मग नवरीच गायब झाली. लग्नात मित्रांनी नवरीला पळवून एखाद्या गुत्त्यात लपवायचं आणि नवऱ्याने शोधून खंडणी देऊन सोडवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण रादिम भडकला. आज कोणाला सुचतायत हे चाळे? पहिला गुत्ता बंद. दुसराही बंद. तिसऱ्याची मालकीण दाराला कुलूप लावत होती. तिने हनुवटीनेच मैदानाकडे खूण केली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि लग्नाच्या बुटांनिशी तो धावत सुटला.

खेळाडूंच्या खोलीत, त्याच्या जागेवर, पांढऱ्या झग्यात ब्लांका बसली होती. मांडीवर त्याची जर्सी, भोवती सगळा संघ.

"खंडणी काय?" त्याने धापा टाकत विचारलं.

"एक गोल."

"अगं, पण मी शब्द दिला होता."

"तो पाळलास. सकाळीच लागलं लग्न." तिचा आवाज जरा उतरला. "बाद झालेला माणूस दाढी करतो, रादिम. तू दाढी ठेवून लग्नाला आलास. आणि तारीख तर मीच धरली होती, तुम्ही हरणार या भरवशावर. असल्या भरवशावर मला संसार नाही मांडायचा."

रादिम सगळ्यांदेखत रडला, आणि दाढीला डोळे पुसत हसलाही. हालुझा मास्तर म्हणाले, यादीतलं नाव खोडायला पेनच सापडलं नाही, आता ऊठ.

पोटात क्नेडलीक घेऊन गडी बर्फावर उतरला. वऱ्हाड वाजंत्र्यांसकट येऊन बसलं. शेवटची काही मिनिटं उरली, बरोबरी सुटेना, आणि रादिम नेहमीसारखा समोरच्या गोलकीपरच्या नाकापुढे ठाण मांडून उभा. आमच्या कोणीतरी लांबून चकती हाणली. ती सणसणत आली, रादिमच्या ढुंगणावर आदळली आणि जाळ्यात गेली. सासूबाई बाकावर चढून ओरडत होत्या. रादिम सरळ काचेपाशी आला आणि हा खंडणीत धरायचा का, असं हातानेच विचारलं. जेमतेम पास झालेल्या शिकाऊला बघावं तसं ब्लांकाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

चषक आम्ही जिंकला. दुसऱ्या दिवशी ब्लांकाने स्वतः त्याची दाढी उतरवली, तेव्हा कुठे जावयाचं तोंड सासूबाईंना नीट दिसलं. त्यानंतर आजतागायत आमचा संघ दरवर्षी मार्चातच बाद होत आलाय. पण जेडलोवात आता एप्रिलमध्ये कोणी लग्न ठरवत नाही.