अर्धवट मसुदा आणि आप्पांची चिठ्ठी

आमच्या ऑफिसात मसुदे साठतात तसे किस्सेही साठलेत. मुद्दाम कुणी ठेवत नाही आणि पुसायलाही कुणाचा हात धजत नाही.

ऑफिस म्हणजे राजारामपुरीत मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या. मालक दीपकदादा, लिहिणारी मी, आणि चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून रिटायर झालेले आप्पा. दुकानांचा, कारखान्यांचा जाहिरातीचा मजकूर आम्ही करतो. मग आमच्यात एआय एजंट आला. तो मजकूर लिहितो आणि त्याला दिलेलं टूल, म्हणजे एकेका कामाचं हत्यार, वापरून मसुदा कॉम्प्युटरवर ठेवतो. कुठलं टूल कधी वापरायचं, हे तो त्या टूलखाली आपण लिहिलेलं वर्णन वाचून ठरवतो. सगळी गंमत त्या वर्णनात!

*

पहिलं वर्णन दीपकदादांनी लिहिलं. दोनच शब्द: ‘मजकूर ठेवतो.’

पेठ वडगावच्या एका साडीवाल्यांची दिवाळीची जाहिरात होती. एजंटनं प्रत्येक बारीक बदलाला नवा मसुदा ठेवला. चाळीसएक झाले. साडीवाले समोर येऊन बसले, तरी त्यातला खरा कुठला ते आम्हाला सापडेना. दादांचं म्हणणं एकच, ठेवतो म्हणजे ठेवतो, त्यात आणि काय सांगायचं?

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, “आमच्या खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला नुसतं ‘बातमी घे’ म्हणून चिठ्ठी दिली असती, तर त्यो घरी घिऊन गेला असता.”

*

नंतर दादांनी दुसरं टूल जोडलं, मजकूर थेट वेबसाइटवर टाकणारं. दोन्ही टूलखाली वर्णन जवळपास सारखंच. एकदा एजंटनं त्यातलं चुकीचं उचललं.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मजकूर मी निम्माच लिहिला होता. मध्ये स्वतःसाठी खूण होती: ‘इथं साहेबांचा फोटो, पोट न दिसणारा.’ ते तसंच्या तसं साइटवर गेलं. सकाळी साहेबांचा फोन. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच विचारलं, “मग घावला का तसला फोटो?”

*

त्यानंतर वर्णनं लिहायचं काम आप्पांकडं गेलं. एजंट आल्यावर आपलं इथलं काम संपलं, असं ते आठवडाभर म्हणत होते. ते काम मिळाल्यावर इस्त्रीचा सदरा घालून यायला लागले.

आधी कागदावर चिठ्ठी लिहायची, ही त्यांची छापखान्यातली सवय. काय करायचं, कधी करायचं, कधी करायचं नाही, आणि झाल्यावर कुणाला सांगायचं. ती चिठ्ठी मग चहावाल्या मामांना वाचायला द्यायची. मामांना कळली, तर पास. मला ते जरा अतीच वाटायचं. पण एकदा मामांनी किटली खाली ठेवून चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, “त्याच नावाचा मसुदा आधीच आसला तर?”

आप्पांनी चिठ्ठी परत घेतली आणि पेन काढलं. ते कुणीच लिहिलं नव्हतं.

*

आप्पांची बायको, आमच्या काकू, आदल्या वर्षी गेल्या होत्या. वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका वाटायची, असं आप्पांच्या मुलानं, विजयनं ठरवलं होतं. आप्पा रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या पुस्तिकेसाठी काकूंवर दोन ओळी लिहायचे. त्यांना तेवढं एकच लिहून व्हायला हवं होतं.

दादांनी मात्र गिऱ्हाइकांच्या घाईपायी वर्णनात एक ओळ घुसडली होती: ‘अर्धवट मसुदा दिसला तर पूर्ण करून ठेव.’

दुसऱ्या दिवशी आप्पांचा लेख पूर्ण! पत्नी शांत, सोशिक, सदैव हसतमुख. आप्पांनी मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “ही कुणाची बायको? आमची ताट आपटायची.”

आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. मग आपल्या ओळी शोधायला लागले. त्यावरच लिहिलं गेल्यामुळं बऱ्याच गेल्या होत्या. दुपारभर ते आठवत बसले. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी निघताना त्यांनी दादांची ओळ काढली आणि आपली घातली: ‘मसुदा अर्धवट असेल तर पूर्ण करू नको. ज्यानं लिहिला त्याला बोलव.’

*

वर्षश्राद्धाला महिना उरला होता, तेव्हा आप्पा गेले. सकाळी चहा घेता घेता, घरीच.

पंधरा दिवसांनी विजय ऑफिसात आला. पुस्तिका आता दोघांची करायची होती. आप्पांची खुर्ची रिकामी होती, तरी तो उभाच राहिला. आप्पांनी पुन्हा लिहायला घेतलेला लेख मी उघडला. शेवटची ओळ अशी होती: ‘गगनबावड्याला पावसात कपडे वाळायचे नाहीत, मग ही माझा सदरा चुलीवर धरून उभी राहायची आणि तिथूनच मला’

पुढं काही नव्हतं.

विजय म्हणाला, “ह्या एआयला सांगा की. एवढं एक वाक्य पुरं करू दे.”

मला नको वाटत होतं, पण त्याचा चेहरा बघून मी तसं सांगितलं. एजंटचं उत्तर आलं: ‘मसुदा अर्धवट आहे, तसाच ठेवला आहे. पूर्ण करण्यासाठी आप्पांना बोलवा.’

विजयनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग आप्पांच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आसंच छापायला द्या.”

चार दिवसांनी छापखान्यातून फोन आला. “म्याडम, पुढचं पान पाठवायचं ऱ्हायलंय.”

मी म्हटलं, “न्हाय ओ. तेवढंच हाय.”