सादळलेला मास्क

मास्क मी तोंडाला लावला होता. मुग्धाने तो ओढून काढला, पट्ट्याबरोबर माझे चार केसही आले, आणि पाण्याच्या यंत्रांच्या खोलीचं, म्हणजे प्लांटरूमचं, दार तिने पायाने लोटून बंद केलं. आत बॅरी पडला होता. हाकेला ओ देत नव्हता.

“सादळलाय तो, मावशी! आत नाही जायचा!”

“तुझी पूड आहे ना? घाल की त्यात.”

“चमचाभर आहे. चमच्याने माणूस नाही वाचत.”

असं म्हणून तिने माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने फायरवाल्यांना फोन लावला. बोटांच्या खुणा आठवडाभर राहिल्या.

नॉटिंगहॅमला एका स्विमिंग पूलवर मी साफसफाई करायची. बॅरी पाण्याची यंत्रं बघायचा. त्या सकाळी त्याने एका टाकीचं औषध दुसऱ्या टाकीत ओतलं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीनचा विषारी गॅस सुटतो. तीस वर्षं काम केलेला माणूस, पण चुकला.

मुग्धा युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. जन्म इथलाच, इल्फर्डचा, त्यामुळे मराठी वाकडी, पण बोलायची मात्र हट्टाने. तिची ती पूड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची चाळण. विषारी गॅस त्या भोकांत अडकतो. लॅबच्या कोरड्या हवेत ती छान चालायची, पण मुग्धाचा विश्वास नव्हता. “खरी हवा damp असतो, मावशी. पाणी पहिला येतो, सगळे सीट्स घेतो. गॅस उभाच राहतो.” म्हणून दर मंगळवारी ती आमच्या दमट प्लांटरूममध्ये पुडीच्या पिशव्या टांगून जायची. कुणी काही चांगलं सांगितलं की तिचा एकच प्रश्न, “Dry मध्ये की damp मध्ये?” माझ्या मुलाने आपल्या नव्या बायकोचं कौतुक केलं तेव्हाही तिने हेच विचारलं. सून दोन दिवस बोलली नाही. मला हसू आवरेना.

एकदा तिला मी पापड दिला. गप्पांत तो तसाच राहिला आणि मऊ पडला. “सादळला,” मी म्हटलं. तिने तो शब्द वहीत लिहून घेतला. “इंग्लिशमध्ये आम्हाला एवढा मोठा वाक्य लागतो!” त्यानंतर तिच्या पिशव्या सादळायच्या, बिस्किटं सादळायची, एकदा तिचा प्रोफेसरसुद्धा सादळला.

पापडाच्या डब्याचं झाकण घट्ट लावणारी मी. पण मास्कचं सीलबंद पाकीट मीच फोडलं होतं. वेळेला हाताशी असावा म्हणून तो दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवला. दोन महिने त्या वाफेत होता, आणि त्याच्या आतली गॅस धरणारी पूडही पाण्याने भरून गेली. चौथी शिकलेल्या बाईला मास्कच्या आत काय असतं ते कुठून कळणार, असं मी म्हणू शकते. पण पाकिटावर उघडू नका म्हणून चित्र होतं, आणि ते मी पाहिलं होतं.

नंतर मी तिला विचारलं, “पाकीट फोडलं नसतं तर?”

“तरी जाऊ दिला नसता. एवढ्या गॅसला तो मास्क नाही. पाठीवर हवेची टाकी घालून फायरवालेच जातात.” ती कुणाचं मन राखायला बोलणारी नव्हती, म्हणून मी ते खरं धरलं. पण खुंटीला टांगणं चूकच होतं, तेही ती बोलली. तेव्हा एकदा, पुन्हा कधी नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बॅरीच्या बायकोने मला धरलं. “तू दारात होतीस. आत का नाही गेलीस?” मी तोंड उघडायच्या आत मुग्धा मध्ये आली. “ती जात होती. मी अडवली.” बायकोने तिच्याकडे असं पाहिलं की मी असते तर पळाले असते. मुग्धा उभी राहिली. मास्कचं नाव तिने काढलं नाही. ते मग मीच सांगितलं.

पुढे मुग्धा बेसिंगस्टोकला नोकरीला गेली. तिचा फोन येतो, पण त्या दिवसाचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

फायरवाल्यांनी बॅरीला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी जगले.